बिनमिठाचं कांडप

आमच्या गल्लीत हल्ली दिवस संध्याकाळी उगवतो. दुपारभर शटरं खाली, कुत्री सावलीला पडलेली, आणि दिवेलागण झाली की एकेक दुकान जागं होतं. सोलापूरच्या पूर्व भागातली ही विणकरांची गल्ली. इथं रामप्रहरापासून यंत्रमागांचा खडखडाट चालायचा, शेजारणीला मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं. तिथं आता हळू आवाजात गाणी लागतात आणि पोरंपोरी कानात बोलतात. कॉफीची तीन दुकानं झालीत. एका गच्चीवर दिव्यांच्या माळा सोडून बार सुरू झालाय. कोपऱ्यावरच्या शेडमध्ये मोडीत निघालेला अख्खा माग काचेमागं उभा केलाय आणि लोक त्याच्यापुढं फोटो काढतात. ज्या मागांनी आमच्या दोन पिढ्यांचे कान घालवले, त्यांच्याशेजारी उभं राहून हसायचं, हे मला आधी काही पटलं नाही. पण दारात बसून आठवडाभर बघितलं आणि राग आपोआप गेला. चिंचोळी एमआयडीसीतून सुटलेले इंजिनियर आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधत फिरतात, हे बघून मी नुसती थक्क होऊन बसते.

परवा समोरच्या कॅफेतल्या एका पोरीनं मला बशी आणून दिली. कडक भाकरीचे तुकडे, त्यावर वितळलेलं चीज, त्यावर शेंगाचटणी, आणि नाव काहीतरी इंग्रजी. खोटं कशाला सांगू, मी दोनदा मागून खाल्लं. मग ती पोरगी माझ्या दारातून आत डोकावली आणि म्हणाली, "आजी, हे कसलं मशीन?"

तिला जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर सांगते. दिवाळी अंकवाल्यांनी 'तुमच्या धंद्याबद्दल लिहा' म्हटलं तेव्हा मला हसू आलं होतं. मिरची कुटणाऱ्या बाईनं काय लिहायचं? पण गेल्या वर्षी माझ्याच उखळात मला असं काही सापडलं की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

आमच्या यंत्राला डंक म्हणतात. जमिनीत पुरलेलं लोखंडी उखळ आणि मोटरीवर वरखाली होणारं लोखंडी मुसळ, एवढाच संसार. गिरणीत मसाला दळला की तापतो, रंग जातो, वास उडतो. डंकात तो कुटला जातो, म्हणून वर्षभर टिकतो. होळी झाली की हंगाम सुरू, मृग लागला की बंद. बाया घरून मिरच्यांची देठं काढून, वाळवून, खोबरं-तीळ-धने भाजून गाठोडी घेऊन येतात. मी ते क्रमानं उखळात घालते, कांडते, चाळते. चाळणीवर जी भरड राहते तिला चाळ म्हणायचं. तो चाळ पुन्हा उखळात टाकून दुसऱ्यांदा कांडायचा, म्हणजे काही वाया जात नाही.

आता यातली खरी गोम ऐका. खोबऱ्याला आणि तिळाला तेल सुटतं, त्यामुळं मसाला उखळाच्या कडेला धरून बसतो. कितीही खरवडा, ओंजळभर आत राहतोच. म्हणून एका घराचं कांडून झालं की उखळात खडामीठ टाकायचं, चार घाव मारायचे. मीठ कडेचं सगळं ओढून घेतं. मग फडक्यानं पुसायचं आणि मगच पुढच्या घराची मिरची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आमच्या मालकांनी मला पहिल्यांदा हेच शिकवलं. म्हणाले, "महादेवी, एका घराची चव दुसऱ्या घरात गेली तर लोक आपल्या दारात पाय ठेवणार नाहीत." मालक जाऊन नऊ वर्षं झाली. डंक मी अजून चालवते, आणि मिठाचं मडकं अजून उखळाच्या उजव्या हाताला असतं.

चौतीस वर्षांत गिऱ्हाइकं एकेक बघितली. एक निवृत्त मास्तर होते, ते स्टूल घेऊन उखळासमोर बसायचे, मी त्यांची मिरची चोरीन म्हणून. ठसक्यानं डोळ्यांतून धारा लागायच्या, तरी पापणी मिटायचे नाहीत. मंद्रूपहून एक पाटीलबुवा एस.टी.नं पोतं घेऊन यायचे आणि पोत्यावरच डोकं टेकून झोपायचे. घरी बायको झोपू देत नाही, इथं खडखडाटात तरी झोप लागते म्हणायचे. एका बाईची नणंद तर मला बाजूला घेऊन वहिनी मसाल्यात काय काय घालते ते विचारायची. मी कधी कुणाला कुणाचं सांगितलं नाही. पण मला मात्र सगळं कळायचं, आणि त्याचा मला भारी तोरा होता. नुसत्या वासावर मी सांगायची, या घरात नवीन सून आलीय, त्या घरातली म्हातारी गेली. मसाला बदलतो की. गल्लीतलं एकही घर माझ्या नाकापासून लपलेलं नाही, असं मी चारचौघींत म्हणायची. आता म्हणत नाही.

माग चालू होते त्या वेळी गल्लीत दोन खानावळी होत्या, बरोबर समोरासमोर. आमच्या बाजूला रत्नाक्काची. ती तेलुगू विणकरांच्या घरची, नवऱ्याच्या मागाच्या शेडमध्येच एका भिंतीला चुली मांडून तिनं सुरू केलेली. पलीकडच्या बाजूला सुभद्राबाईची. ती बार्शीकडची, नवरा कापड गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर तिनं भाकऱ्या थापायला घेतल्या. रत्नाक्काच्या मसाल्यात गुंटूर मिरची, धने, मेथी आणि वाळवलेला कढीपत्ता. सुभद्राबाईचा काळा मसाला. खोबरं पार काळं होईस्तोवर भाजलेलं, तीळ, दगडफूल, नाकेश्वर. एकीचं कालवण लाल, दुसरीचं काळं. माग कामगार पाळीपाळीनं दोन्हीकडं जेवायचे.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण कशावरून झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी म्हणायचं खरकट्या पाण्यावरून, कुणी म्हणायचं गिऱ्हाईक ओढण्यावरून. रस्ता बारा पावलांचा, पण रत्नाक्का त्या बाजूला बघायची नाही आणि सुभद्राबाई या बाजूला थुंकायची. सण असो, मयत असो, एक आली की दुसरी निघून जायची.

माझ्या हातून चूक झाली ती अगदी सुरुवातीला. लग्नानंतरचा दुसरा हंगाम. मागांना सुट्टी होती त्या दिवशी, म्हणून दोघींनाही सवड होती आणि नेमक्या दोघी एकाच वेळी गाठोडी घेऊन आल्या. मालक मोटरीचा पट्टा आणायला गेलेले, मी एकटी. सुभद्राबाईचा मसाला कांडून चाळला, चाळ बाजूला सुपात ठेवला आणि वीज गेली. दोन तास तिघी तीन दिशांना तोंडं करून बसलो. वीज आली तेव्हा दोघींना स्वयंपाकाची घाई, पुन्हा वीज जायची मला धास्ती. त्या गडबडीत मी मीठ टाकायला विसरले. रत्नाक्काची मिरची तशीच उखळात ओतली. ती कांडून काढली, आणि सुपातला सुभद्राबाईचा चाळ राहिलाय हे बघून तोही न पुसलेल्या उखळात तसाच टाकला. दोघी निघून गेल्या आणि माझं लक्ष भरलेल्या मिठाच्या मडक्याकडं गेलं.

एकीचं दुसरीत आणि दुसरीचं पहिलीत. गल्लीत दुसऱ्या कुठल्याही दोन घरांचं झालं असतं तर चाललं असतं. पंधरा दिवस मी दारात कुणी आलं की दचकायची. मालकांनाही सांगितलं नाही. पण कुणी भांडायला आलं नाही. मग मीच माझी समजूत घातली, ओंजळभर मसाल्यानं पायलीभर मिरचीत काय होतंय, त्यांना कळलंच नाही. आणि गप्प बसले.

पुढच्या वर्षी पुन्हा मागांच्या सुट्टीचा दिवस. सुभद्राबाई पहिली आली, तिच्या मागोमाग रत्नाक्का. मी या खेपेला मिठात हात घातला तर रत्नाक्का म्हणाली, "मीठ नको गं महादेवी, माझा मसाला खारट होतो." मी म्हटलं, अहो पुसून घेते. म्हणाली, "नको म्हटलं ना." गिऱ्हाईकच नको म्हणतंय तर मी काय करणार. तिचं झाल्यावर सुभद्राबाईचा चाळ राहिलेला. मी तिला विचारलं, तुमचा चाळ आधीच का नाही कांडू दिला? तर म्हणाली, "असू दे. तिचं हुंदे आदी. मला कुटं घाई हाय." मी मनात म्हटलं, ही बाई रत्नाक्काची गाठोडी मोजायला मागं थांबतेय. रत्नाक्काचं म्हणाल तर ती मिठाचा खर्च वाचवतेय असं मला वाटायचं. दर वर्षी तोच दिवस, तोच क्रम, मध्ये मीठ नाही. मी पंचवीस-सव्वीस वर्षं हे डोळ्यांनी बघितलं आणि दोघींना मनातल्या मनात चिक्कू म्हणत राहिले.

पुढं माग बंद पडत गेले. कामगार पांगले. सुभद्राबाईच्या मुलाला चिंचोळीला कारखान्यात नोकरी लागली, तो आईला तिकडं घेऊन गेला. तिची खानावळ होती तिथंच आज तो कॅफे आहे. त्या उन्हाळ्यात रत्नाक्का एकटी आली. उखळाशी वाकली, रिकाम्या उखळाच्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि भिंतीला टेकून बसली. मी विचारलं, "काय झालं अक्का?" म्हणाली, "काही नाही. घाल मिरची." त्याच दिवाळीला तिनं खानावळ बंद केली. हात थकला म्हणाली. वर्षभरात ती गेली.

तिची सून लता. शिकलेली, मऊ बोलणारी, पण आतून खंबीर. नवरा बाहेरगावी नोकरीला, थोरल्या दिराच्या मनात शेड एका बारवाल्याला द्यायची. लतानं त्याच्याकडून वेळ मागून घेतली. म्हणाली, सासूबाईंची खानावळ पुन्हा चालवून दाखवते. तो म्हणाला, "संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत बघतो. तोपर्यंत गिऱ्हाईक लागलं तर शेड तुझी, नाहीतर त्याला देऊन टाकू." लतानं शेड झाडली, चुली पुन्हा घातल्या, भिंतीला पांढरा रंग दिला. सासूनं शेवटच्या आजारपणात मसाल्याचं सगळं माप तिला लिहून दिलं होतं. त्या मापानं तिनं मिरची आणली, माझ्याकडून कांडून नेली. श्रावण संपल्यावर रत्नाक्काच्या नावानं खानावळ उघडली.

पहिल्या आठवड्यात जुने माग कामगार लांबलांबून आले. जेवले. "चांगलं झालंय पोरी," म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा आले नाहीत. एकजण तेवढा खरं बोलला. म्हणाला, "सगळं बरोबर हाय बाळा, पर यात रत्नाक्का न्हाय." नवीन पोरं तर कॅफेतच जायची. लता एका संध्याकाळी डबा घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "काकू, माप तेच, मिरची तीच, हात तुमचा. मग चुकतंय कुठं?"

मला राग आला. हात तुमचा म्हणजे काय? माझ्या कांडपात खोट काढते? मी म्हटलं, "चूल नीट पेटवत जा आधी." ती गेली आणि मी डब्यातलं कालवण चाखलं. पोरगी बरोबर म्हणत होती. हंगाम संपला होता, तरी पुन्हा कांडून दिलं. उखळ दोनदा मिठानं घासलं, फडकं नवं घेतलं, मिरचीचं एक बी वाया जाऊ दिलं नाही. चव आणखीच कोरी लागली. तिसऱ्यांदाही तेच. दिवाळी उलटली. बारवाला शेडची मापं घेऊन गेला. लता माझ्यासमोर रडली नाही, पण तिचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता. मला झोप लागेनाशी झाली. चौतीस वर्षांचा माझा तोरा, आणि एका पोरीच्या वाटीभर कालवणाला मला चव आणता येईना.

मार्गशीर्षात एकदा ती वही घेऊन आली. म्हणाली, "काकू, सासूबाई इथं आल्यापासून निघेपर्यंत काय काय व्हायचं ते सगळं सांगा. काही गाळू नका." मी सांगायला लागले. अक्का कुठं बसायची, आधी धने, मग मेथी, मग कढीपत्ता. ती लिहीत होती.

"आणि त्याच्याही आधी? मीठ ना?"

"हो, मीठ. तुझी मिरची पडायच्या आधी ओंजळभर खडामीठ टाकून..." मी म्हटलं आणि थांबले.

"किती घाव?"

"तुझ्या सासूला मीठ चालायचं नाही," मी म्हटलं. "ती मला मीठ टाकूच द्यायची नाही."

लतानं वही खाली ठेवली. म्हणाली, "शेवटी माप लिहून देताना त्या म्हणाल्या होत्या, एवढं सगळं केलंस तरी यायचं नाही. मला तो टोमणा वाटला."

मी त्या पोरीसमोर जमिनीवर बसले. वीज गेलेला तो दिवस, विसरलेलं मीठ, पंधरा दिवस लागलेली धास्ती, सगळं तिला सांगितलं. जे मालकांनाही सांगितलं नव्हतं ते. सांगता सांगता मलाच एकेक उलगडत गेलं. रिकाम्या उखळातून फिरवलेलं ते बोट आठवलं. रत्नाक्काला त्याच वर्षी कळलं होतं. तिला ती चव आवडली होती. समोरच्या दारातून मागणं तिला शक्य नव्हतं, म्हणून ती दर वर्षी माझ्या उखळातून ती ओंजळ घेऊन जात होती. आणि मी शेजारी उभी राहून मोटरीचं बटण दाबत होते.

लतानं वही उचलली. मग म्हणाली, "म्हणजे काळा मसाला समोरचा. त्या बाई आहेत ना अजून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चिंचोळीला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. सुभद्राबाई ओट्यावर ऊन खात बसलेली. वाळली होती, पण नजर तीच.

"म्हादे व्हय?" ती म्हणाली. "आन ही कोन?"

"रत्नाक्काची सून," मी म्हटलं.

तिनं लताकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं. पाणी आल्यावर म्हणाली, "गेली ते कळलं हुतं मला. यायचं लई मनात हुतं. पर कोन्या तोंडानं येनार? बोलत न्हवतो आमी."

मी येताना रस्ताभर शब्द जुळवले होते, ते एकही आठवेनात. सरळ म्हटलं, "सुभद्राबाई, मी तुमची गुन्हेगार आहे. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हंगामात वीज गेली त्या दिवशी तुमच्या दोघींच्या मध्ये मी मीठ टाकायला विसरले. तुमचा मसाला तिच्यात गेला आणि तिचा तुमच्या चाळात आला."

"ठावं हाय की," ती म्हणाली.

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्याच सांजंला कालवन केलं मी. पयल्या घासाला कळलं, ह्यात रत्नीचा कडीपत्ता हाय. असा राग आला, म्हनलं हिचं उखाळ उपटून रस्त्यात टाकावं. मग दुसरा घास खाल्ला." ती थांबली. पदरानं तोंड पुसलं. "मग न्हाय आले भांडायला. पुढल्या साली बघती तर रत्नी माज्या मागं नंबर लावून बसलेली, आन म्हनती मीठ नको. तवा वळखलं, हिलाबी कळलंय. म्हनून मी म्हनलं, माजा चाळ असू दे, तिचं हुंदे आदी. तुला काय वाटलं, सव्वीस वरसं मी तुज्या दारात उगं बसत हुते?"

लतानं तिच्या पायाशी बसून खानावळीचं सगळं सांगितलं. दीर, बारवाला, गड्ड्यापर्यंतची मुदत. म्हणाली, "मावशी, तुमच्या मसाल्याचं माप मला नको. फक्त तुमचा मसाला एकदा माझ्याआधी कांडू द्या."

सुभद्राबाईनं त्यावर आपलंच गाऱ्हाणं सांगितलं. "हितं आल्यापास्नं पोरगा मिक्सरात दळून आनतो. सून गुनाची हाय, मन लावून करती. पर माज्या तोंडाला चव न्हाय. म्हनलं, म्हातारी झाले, जीभ गेली. डाक्टरला बी दावली. पोरी, जीभ न्हवती गं गेली. रत्नी गेली हुती." आणि ती आमच्या दोघींसमोर रडली. मी तिला तोवर कधी रडताना बघितलं नव्हतं. मलाही रडू आवरलं नाही.

निघताना तिनं मला बजावलं, "थंडीत मिरची वाळत न्हाय. कढईत गरम करून घ्याया सांग हिला. आन नंबर माजा आदी."

चार दिवसांनी ती गाठोडी घेऊन आली. भर थंडीत डंक लागला, त्यात सुभद्राबाईचं काळं खोबरं आणि लताची गुंटूर मिरची. ठसका असा उठला की समोरच्या कॅफेतली सगळी पोरं शिंकत बाहेर आली आणि कप हातात धरून माझ्या दारात बघत उभी राहिली. सुभद्राबाईचा मसाला झाला, चाळला, चाळ सुपात ठेवला. मिठाकडं हात जाऊ नये म्हणून मी मडकं आत ठेवून आले होते. लताची मिरची पडली. मुसळ चालू झालं आणि दोन्ही वास एकात एक मिसळून वर आले. माझ्या या नाकानं तो वास इतकी वर्षं घेतला होता. मी त्याला रत्नाक्काचा वास समजत होते. अशा नाकाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. पण मला त्या घटकेला लाज कमी आणि नवल जास्त वाटत होतं. कुणी न सांगता, कुणी न विचारता, दोन बायकांनी एवढं सगळं सांभाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी लतानं जुन्या माग कामगारांना निरोप धाडले. दहा-बाराजण आले. थोरला दीरही आला आणि दाराशीच उभा राहिला, लगेच निघणार असल्यासारखा. लतानं त्यालाही पाट मांडला. त्यानं भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि पहिल्या घासाला त्याचा हात थांबला. "आईचं आहे हे," एवढंच म्हणाला. ताट पुसून खाल्लं. हात धुताना लताला म्हणाला, "त्या बारवाल्याला मी सांगतो काय ते." जुने लोक तर बोलतच नव्हते, नुसते वाटी पुढं करत होते.

सुभद्राबाई रस्त्यावर उभी होती. बारा पावलांच्या त्या रस्त्याच्या मधोमध, तिच्या जुन्या खानावळीकडं पाठ करून. रत्नाक्काच्या उंबऱ्याच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी तिचा हात धरायला गेले तर झिडकारला. मग आपणहून पदर सावरून आत आली, सगळ्यांत शेवटच्या पाटावर बसली. लतानं ताट वाढलं. सगळे बघत होते. तिनं घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. अर्धी भाकरी होईपर्यंत मान वर केली नाही.

मी शेजारी बसून हळूच विचारलं, "जमलंय का?"

"म्हादे," ती म्हणाली, "लोकं म्हनत्यात, आमी दोगी जलमभर बोललो न्हाय."

"हो, म्हणतात की."

"दर उन्हाळ्यात बोलत हुतो," ती म्हणाली, आणि रिकामी वाटी लताकडं सरकवली.